स्वभाव : शांत

२०२३ सालची दिवाळी. भाऊबीज होऊन एकच दिवस झाला होता. संध्याकाळी दारावरची घंटा वाजली म्हणून उठलो, तो दारात बारावीच्या वर्गातली माझी एक विद्यार्थिनी, तिचे वडील, आणि वडिलांच्या हातात चकल्यांचा डबा. दिवाळीत डबा घेऊन येणाऱ्या पालकांची प्राध्यापकाला सवय असते. डब्याच्या मागोमाग काम येते हेही त्याला अनुभवाने ठाऊक असते.

काम शिफारसपत्राचे होते. मुलीला पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे अर्ज करायचे होते. तेथे गुणपत्रिकेबरोबर दोन शिक्षकांची पत्रे लागतात. एक पत्र गणिताच्या बाई देणार होत्या. दुसरे भाषेच्या शिक्षकाने द्यावे, आणि "सर, तुम्ही तिला दोन वर्षं ओळखता," असे वडिलांचे म्हणणे. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून जमिनीकडे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "तुम्हांला त्रास होणार असेल तर राहू द्या, सर."

मराठीच्या प्राध्यापकाने अमेरिकेला शिफारसपत्र धाडायचे या कल्पनेची आमच्या घरात यथेच्छ थट्टा झाली. "तुमच्या चिठ्ठीनं अजून कुणाला आपल्या कॉलेजच्या होस्टेलात खाट मिळाली नाही," ही सौभाग्यवतींची टिप्पणी. तरी मी तीन संध्याकाळी खर्चून पत्र लिहिले. इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्याकडून त्यातली 'ए' आणि 'द' नीट करून घेतली.

पत्राबरोबर एक तक्ताही भरायचा होता. डाव्या बाजूला गुणांची यादी: बौद्धिक कुवत, लेखनाचा दर्जा, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, शिस्त, नेतृत्व, सचोटी, आत्मविश्वास, अपयश पचवण्याची ताकद, इतरांविषयीची कळकळ. उजवीकडे रकाने. 'सरासरीपेक्षा कमी' पासून सुरू होऊन शेवटचा रकाना 'माझ्या साऱ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक' असा. आमच्या वर्गात ऐंशी मुले. तेथे 'चर्चा' म्हणजे मागच्या बाकावर कुणीतरी बोलत असते आणि त्याला मी वर्गाबाहेर काढतो. या मुलीने दोन वर्षांत वर्गात आपण होऊन तोंड उघडल्याचे मला आठवत नव्हते. मी प्रामाणिक माणूस, निदान तशी माझी समजूत आहे. 'चर्चेतला सहभाग' आणि 'आत्मविश्वास' या दोन ओळींत मी मधल्या रकान्यात खूण केली. पत्रात मात्र तिची मनापासून स्तुती केली. ती शांत आहे, मितभाषी आहे, आज्ञाधारक आहे, अत्यंत कष्टाळू आहे, असे लिहिले. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा 'स्वभाव शांत' या दोन शब्दांना केवढे वजन असते! मला वाटले, मी तिला दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला.

मार्चअखेर उत्तरे आली. आठ अर्जांपैकी सात ठिकाणी नकार. आठव्या ठिकाणी प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्तीवाचून. त्या आठांतल्या कुणाचेही नाव मी येथे देत नाही. नकाराची पत्रे मोठी सभ्य असतात. यंदा असामान्य योग्यतेचे अर्ज आले, जागा थोड्या होत्या, तुम्हांला शुभेच्छा. कारण मात्र एकातही नव्हते. वडील म्हणाले, "सर, अमुक मार्क कमी पडले असं म्हणाले असते तर मुलीला सांगता आलं असतं. आता तिला काय सांगू?"

तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो. सुदैवाने, म्हणजे वाचणाऱ्याच्या सुदैवाने, अमेरिकेतल्या सर्वांत नामवंत विद्यापीठाचे कपाट न्यायालयाने उघडून ठेवलेले आहे. 'स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स' नावाच्या संस्थेने २०१४ साली हार्वर्ड विद्यापीठावर दावा लावला. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना तेथे प्रवेशात डावलले जाते, ही तक्रार. २०१८ च्या ऑक्टोबरात बोस्टनला खटला चालला, आणि जे आजवर बंद दाराआड होते ते साक्षीपुराव्यात उघड्यावर आले.

आधी अडचणीचे माप पाहू. २०१५ साली हार्वर्डमध्ये दाखल व्हायच्या वर्गासाठी सुमारे ३५,००० अर्ज आले. जागा सुमारे १,६००. अर्जदारांपैकी २,७०० जणांना प्रवेशपरीक्षेच्या भाषेच्या भागात पैकीच्या पैकी गुण होते, ३,४०० जणांना गणितात, आणि ८,००० हून अधिक जणांचे शाळेतले गुण निर्दोष होते. म्हणजे आपल्यासारखी 'कट-ऑफ' यादी लावायची म्हटली तर ती शंभर टक्क्यांवर लावूनही जागा पुरायच्या नाहीत. (आपल्याकडेही ती वेळ आलीच होती. २०२१ साली दिल्लीतल्या काही नामांकित महाविद्यालयांची यादी काही विषयांना शंभर टक्क्यांवर लागली, आणि पुढल्या वर्षी दिल्ली विद्यापीठाने निराळी प्रवेशपरीक्षा घेतली.) तेव्हा गुणांच्या पलीकडचे काहीतरी पाहणे त्यांना भागच आहे. ते काय पाहतात हा खरा प्रश्न.

प्रत्येक अर्ज आधी त्या त्या भागाचा अधिकारी वाचतो आणि त्यावर आकडे घालतो. अभ्यास, अभ्यासाबाहेरचे उद्योग, खेळ आणि व्यक्तिमत्त्व, अशी चार खाती. १ हा आकडा सर्वोत्तम, ६ हा सर्वांत खालचा. मधे अधिक-उणेही असतात, परीटघडीच्या हिशेबासारखे. शिक्षकांच्या पत्रांनाही वेगळा आकडा मिळतो. मग उपसमिती बसते. शेवटी सुमारे चाळीस जणांची समिती एकत्र बसून बहुमताने हो किंवा नाही ठरवते. निवडलेली मुले जागांपेक्षा जास्त भरली की पुन्हा नावे गाळायची. या शेवटच्या कामाला त्यांच्या बोलीत 'लॉपिंग' म्हणतात. आपला माळी झाडाच्या फांद्या उतरवतो, तसा तो शब्द.

यातले चौथे खाते, व्यक्तिमत्त्वाचे, हेच खटल्याचे मर्म ठरले. विनोदबुद्धी, धैर्य, दयाळूपणा, सचोटी, लोकांना हवेहवेसे वाटणे, असे सारे त्यात येते. आशियाई वंशाच्या मुलांना अभ्यासात आणि बाहेरच्या उद्योगांत चांगले आकडे मिळाले होते, पण या खात्यात मात्र ती मागे पडत होती. वादींनी दाखवून दिले की ज्या माजी विद्यार्थ्यांनी या मुलांची समक्ष मुलाखत घेतली, त्यांचे आकडे इतके वाईट नव्हते. कमी गुण पडत होते ते कचेरीत बसून कागद वाचणाऱ्यांकडून. मौजेची गोष्ट अशी की दोन्ही बाजूंनी अर्थशास्त्रज्ञ उभे केले होते. ड्यूक विद्यापीठाचे पीटर आर्सिडियाकोनो वादींकडून, आणि बर्कलेचे डेव्हिड कार्ड हार्वर्डकडून. कार्ड यांना पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आकडे दोघांपुढे तेच. एकाला त्यांत पक्षपात दिसला, दुसऱ्याला दिसला नाही.

न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी २०१९ साली निकाल हार्वर्डच्या बाजूने दिला. पण व्यक्तिमत्त्वाच्या आकड्यांतली तफावत त्यांनी नाकारली नाही. तिचे एक संभाव्य कारण त्यांनी जे सांगितले, ते वाचताना माझ्या हातातला चहा निवला. त्या म्हणतात, या तफावतीचा काही भाग कदाचित शिक्षकांच्या आणि शाळेच्या समुपदेशकांच्या पत्रांतून आलेला असावा.

शिक्षकांच्या पत्रांतून! हार्वर्डबद्दलची ही तक्रार जुनीच. अमेरिकी शिक्षणखात्याने १९९० साली तिची एकदा चौकशी केली होती. तेव्हाही अधिकाऱ्यांच्या टिपणांत आशियाई मुलांविषयी पुन्हा पुन्हा आढळलेले शब्द होते: शांत, लाजाळू, गणित-विज्ञानाकडे कल, कष्टाळू. चौकशीत हार्वर्ड निर्दोष ठरले, पण ते शब्द कागदोपत्री राहिले. माझ्या पत्राची प्रत मी काढून पाहिली. चारपैकी दोन शब्द जसेच्या तसे होते, आणि 'लाजाळू' ऐवजी मी 'मितभाषी' म्हटले होते. भाषेच्या शिक्षकाला शब्द नेमका हवा ना!

येथे न्यायबुद्धीने एक सांगितले पाहिजे. खटल्यातले आकडे अमेरिकेतच वाढलेल्या मुलांचे आहेत. आपल्या गावाहून अर्ज करणारी मुले परदेशी म्हणून गणली जातात. त्यांचा हिशेब वेगळा, आणि तो कुणी न्यायालयात मांडलेला नाही. माझ्या पत्राने त्या मुलीचे नुकसान झाले असे मी म्हणू शकत नाही. झाले नाही असेही म्हणू शकत नाही.

पण ही 'व्यक्तिमत्त्व' पाहण्याची पद्धत आली कोठून? मला वाटत होते, अमेरिकनांच्या उदारपणातून. इतिहास निराळा निघाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला साधारणपणे प्रवेश मिळे. या सरळ दाराने ज्यू स्थलांतरितांची हुशार मुले मोठ्या संख्येने आत येऊ लागली. १९०० साली ती सात टक्के होती, १९२२ च्या सुमारास एकवीस टक्क्यांच्या वर गेली. अध्यक्ष ए. लॉरेन्स लोवेल अस्वस्थ झाले. १९२२ मध्ये त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याची कल्पना पुढे केली. गदारोळ झाला, आणि नेमलेल्या समितीने १९२३ साली ती फेटाळली. लोवेल मात्र चिकट गृहस्थ. दारावर पाटी लावता येत नाही म्हटल्यावर त्यांनी दारच अरुंद केले. १९२६ साली पहिल्या वर्षाची संख्या हजारावर रोखली, आणि निवडीत चारित्र्य व व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व देण्याचे ठरले. अर्जासोबत छायाचित्र मागवले जाऊ लागले. त्याआधीच अर्जात आईचे माहेरचे नाव आणि वडिलांनी कधी आडनाव बदलले आहे काय, हे प्रश्न आले होते. ज्यू मुलांचे प्रमाण पुढे पंधरा टक्क्यांच्या आसपास आले. कुणालाही 'तू ज्यू आहेस म्हणून नको' असे सांगावे लागले नाही. चारित्र्य कमी पडले, एवढे पुरले.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ही वाट त्याच्याही आधी, १९१९ च्या सुमारास, चोखाळली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात पदव्युत्तर अभ्यासासाठी होते, तेच हे कोलंबिया. ते तेथून निघाल्यावर तीनच वर्षांनी पदवीच्या वर्गांचा अर्ज धर्म विचारू लागला, या योगायोगाचा माझ्या मनाला चटका लागला.

तथापि गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर निवाडा सोपा होता. पुढे हेच हत्यार दुसऱ्या हाती गेले. १९६० नंतर कृष्णवर्णीय आणि इतर वंचित मुलांना आत घेण्यासाठी विद्यापीठांनी हीच 'सगळा माणूस पाहण्याची' पद्धत वापरली. १९७८ साली बाकी नावाच्या विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा अवैध ठरवल्या. शंभरात सोळा जागा राखणे चालणार नाही, पण वंश हा अनेक गोष्टींतली एक गोष्ट म्हणून पाहता येईल, असे न्यायमूर्ती पॉवेल यांनी म्हटले, आणि नमुना म्हणून वाखाणली ती हार्वर्डची पद्धत. २००३ साली मिशिगन विद्यापीठाची दोन प्रकरणे एकाच दिवशी निकालात निघाली. पदवीच्या प्रवेशात १५० पैकी २० गुण वंशासाठी सरळ लिहून दिले जात. ते रद्द झाले. त्याच विद्यापीठाची विधिशाळा आकडा न लिहिता वंशाचा विचार करी. ते मान्य झाले. म्हणजे कागदावर लिहिलेत तर गुन्हा, मनात ठेवलेत तर विवेक! आमच्या गल्लीतल्या वाण्यालासुद्धा हा न्याय समजावून सांगणे मला जड जाईल. अखेर २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन्ही विद्यापीठांच्या प्रकरणांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे मुलाने निबंधात सांगावे, तेवढी वाट मात्र मोकळी ठेवली. त्यानंतर पाच महिन्यांनी चकल्यांचा डबा माझ्या दारात आला.

खटल्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि तिच्याबद्दल कुणीच फारशी लाज बाळगलेली दिसत नाही. खास निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांचे वगैरे नातलग ज्यात असतात त्या 'डीनच्या यादी'तली मुले, आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले, अशी चार प्रकारची मंडळी अर्जदारांत सुमारे पाच टक्के असतात. निवड झालेल्यांत ती तीस टक्क्यांच्या घरात जातात. चारित्र्य, धैर्य, विनोदबुद्धी हे सारे तोलून झाल्यावर तराजूच्या दांडीला बोट कुणाचे लागते, ते येथे दिसते. जॉन्स हॉपकिन्सने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देणे थांबवले, ॲमहर्स्ट कॉलेजने २०२१ साली थांबवले, एम. आय. टी. ते देतच नाही. म्हणजे थांबवता येते.

आणि जेथे वशिल्याला वाव आहे तेथे दलाल आलाच. मार्च २०१९ मध्ये रिक सिंगर नावाच्या इसमाचा धंदा उघड झाला. धनिकांच्या मुलांना तो खोटे खेळाडू बनवून येल, जॉर्जटाउन, सदर्न कॅलिफोर्निया अशा विद्यापीठांत प्रशिक्षकांना लाच देऊन घुसवी. पाण्यात पाऊल न टाकलेली मुले वॉटरपोलो खेळताना छायाचित्रांत दिसत. त्याला २०२३ साली साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या मध्यमवर्गीय पालकांना याहून जवळची गोष्ट पैशाची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी. यांसारखी मोजकी विद्यापीठे परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली की नाही हे निवड करताना पाहत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी ते पाहिले जाते, आणि मदत मागणाऱ्याचा अर्ज तेवढा जड होतो. माझ्या विद्यार्थिनीने आठही ठिकाणी मदत मागितली होती. बँकेतल्या नोकरदाराची मुलगी, दुसरे काय करणार? तेव्हा 'शांत' या शब्दाने घात केला की त्या एका खुणेने, हेही कळण्याला मार्ग नाही.

आपल्याकडे या बाबतीत न्यायालयाने फार पूर्वीच कान उपटले आहेत. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न वडील कोण, राहता कुठे असले. अजय हासिया या विद्यार्थ्याच्या नावाने गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले की एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे मनमानीचे ठरेल. हा निकाल वाचून मी खूष झालो. आकडे बरे, माणसाची मर्जी नको, असे माझे मत जवळजवळ पक्के होत आले होते.

तेवढ्यात वर्गात आनंदीबाई जोशींचा विषय निघाला.

१८८३ साली अठरा वर्षांची आनंदी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागत होती. कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा ती उत्तीर्ण झालेली नव्हती. गुणांची यादी लावली असती तर तिचे नाव तीत कोठेच आले नसते. तिच्यापाशी होते एक पत्र, तिने स्वतः महाविद्यालयाला लिहिलेले. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी येथवर आले तोच निश्चय मला पुढे उपयोगी पडेल, असा त्यातला युक्तिवाद. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे, हे त्यातले कारण. डीन रेचेल बॉडली यांनी तिला घेतले. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. आज आपण जिचा अभिमान मिरवतो ती एका डीनबाईंच्या मर्जीने आत गेली होती. त्या मर्जीला कोणता आकडा लावणार?

आणि आणखी एक. त्या पत्रात आनंदीबाईंनी 'मी शांत आहे' असे कोठे लिहिलेले नाही.

गेल्या दिवाळीत ती विद्यार्थिनी भेटायला आली. आता ती पुण्यात अर्थशास्त्र शिकते. बोलते बऱ्यापैकी. मी तिला सगळे सांगितले आणि पत्राची प्रत पुढे ठेवली. शिक्षकाचे पत्र आपण पुढे पाहणार नाही असे मुले अर्जातच लिहून देतात, तेव्हा हा नियमभंगच झाला. तिने ती सावकाश वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"यात खोटं काहीच नाहीये, सर," ती म्हणाली. "मी तशीच होते."

तिने मला दोषमुक्त केले की नाही, हे मला अजून समजलेले नाही.

यंदा पुन्हा एक मुलगा आला आहे. हाही न बोलणाऱ्यांपैकीच. या खेपेला मी पत्रात एकही विशेषण घातलेले नाही. जुलैत ग्रंथालयाच्या मागल्या खोलीत गळती लागली, तेव्हा याने कुणी न सांगता खालच्या फडताळातली पुस्तके वर उचलून ठेवली, भिजलेली पंख्याखाली उघडून मांडली, आणि कोणते पुस्तक कोठे ठेवले याची यादी ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवून तो तासाला आला. पाच मिनिटे उशीर झाला म्हणून मी त्याला बाहेर उभे केले. त्याने कारण सांगितले नाही. ते मला चार दिवसांनी ग्रंथपालांकडून कळले. एवढेच लिहिले आहे, माझ्या चुकीसकट.

तक्ता मात्र तोच आहे. सगळ्या ओळी भरल्या. 'आत्मविश्वास' या ओळीशी येऊन काल रात्री थांबलो. अर्जाची मुदत १ जानेवारीपर्यंत आहे.